राखाडीखालचे सात वार

प्रसोंग चित्र डोक्यावर घेऊन बसमध्ये चढायचे. सतरा नंबरची बस, ऑक्सफर्ड रोडवरून टाउन सेंटरला येणारी. सकाळी दहाच्या सुमाराला ती म्हाताऱ्या बायकांनी, प्रॅमनी आणि चाकांच्या पिशव्यांनी भरलेली असायची. तिच्यात हा साठीचा, सडपातळ, नीट भांग पाडलेला थाई गृहस्थ दोन्ही हातांनी चार फुटी कॅनव्हास डोक्यावर आडवा धरून उभा. ड्रायव्हर सांगायचा, खाली ठेवा, पडाल. ते हसून मान हलवायचे आणि तसेच उभे राहायचे. वळणावर बस कलली की मागून कोणीतरी त्यांचा कोट धरायचं. इंग्लंडमधल्या या रीडिंग गावात लोक अनोळखी माणसाला हात लावत नाहीत, पण त्यांचा कोट धरणारे तीन-चार जण तरी मी पाहिलेत.

मी तेव्हा सेंटरजवळच्या एका गल्लीत फ्रेमिंगच्या दुकानात काम करत होते. नवरा मिलिंद पुण्याहून आयटीच्या नोकरीवर इकडे आला आणि त्याच्या मागोमाग मी. पुण्यात बँकेत होते. इथे मिळालं ते हे काम, आठवड्याचे तीन दिवस. लाकडी पट्ट्या कापायच्या, काच पुसायची, फ्रेमच्या पाठीला तपकिरी टेप लावायची. दोन हजार तीन ते नऊ, सहा वर्षं मी ते केलं आणि मला ते आवडायचं. मालक कीथ हा जाडजूड आणि मनाने सरळ माणूस, पण हेल्थ अँड सेफ्टीचा निस्सीम भक्त. अशा माणसाच्या दुकानात प्रसोंग पहिल्यांदा आले ते दाराबाहेर बूट काढून. जमिनीवर काचेची कुसळं असणार हे उघड होतं. कीथने आधी विनंती केली, मग बोर्ड दाखवला, मग इन्शुरन्सचं कारण सांगितलं. प्रसोंग मोज्यांवर उभे राहून सगळं ऐकून घेत होते. शेवटी कीथने हात टेकले आणि दुसऱ्या दिवशी जाड तळाच्या सपातांचा एक जोड दाराशी आणून ठेवला. त्यावर मार्करने लिहिलं, ‘मिस्टर पी’.

त्याच पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. कीथने त्यांचं चित्र घेतलं आणि सवयीप्रमाणे जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलं. प्रसोंगनी ते उचलून टेबलावर ठेवलं. कीथने टेबल लागतंय म्हणून पुन्हा खाली ठेवलं. त्यांनी पुन्हा उचललं, तितक्याच शांतपणे. तिसऱ्यांदा खाली ठेवलेलं असताना मी काच घेऊन मागे सरकले आणि माझा पाय कॅनव्हासच्या कडेला लागला. काच ठेवून मी चित्राला हात लावला आणि हात कपाळाला टेकवला. हे आपण विचार करून करत नाही. मान वर केली तर प्रसोंग माझ्याकडे बघत होते.

“तुमच्याकडेही?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं हो, वहीला, पुस्तकाला, कागदाला पाय लागला की आम्ही असं करतो. चित्राला करतात का, असं त्यांनी विचारलं. तसा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, आत्ता केलं म्हणजे करत असणार. त्यांना ते उत्तर फार आवडलं. त्यानंतर ते कायम गुरुवारीच यायचे. गुरुवारी मी दुकानात असायचे, हे एक कारण. दुसरं त्यांनी पुढे सांगितलं, की थायलंडमध्ये गुरुवार हा गुरूचा वार, शिष्याने कामाचं काही करायचं असेल तर ते गुरुवारी. मी म्हटलं, आमच्याकडेही. तेव्हापासून कीथ आम्हाला ‘थर्सडे क्लब’ म्हणू लागला.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. माझं बँकेतलं, त्यांचं थोडक्यातलं. मराठीत लिहिताना ते आपोआप लांबतं, म्हणून मी जपून लिहितेय. ते फार कमी बोलायचे आणि त्यातलं निम्मं ‘अजून नाही’ असायचं. जेवलात का? अजून नाही. पाऊस थांबला का? अजून नाही. चित्र पूर्ण झालं का, याला तर दुसरं उत्तरच नव्हतं. फ्रेम करून घ्यायला आणलेल्या चित्राबद्दलही ते तेच म्हणायचे. कीथ मला म्हणायचा, मग हा माणूस फ्रेम कशाला करतो? मी ते त्यांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की ओल्या केसांनी माणूस बाहेर जात नाही का, तसं.

चित्रं कशी होती? राखाडी. लहान, मोठी, चौकोनी, लांबट, पण सगळी राखाडी. मिलिंदला त्यांची ओळख करून देण्याआधी मी एवढंच सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमागे एक तसलं आहे. मला वाटायचं भिंतीचं पॅनल आहे.” ते प्रसोंगचंच निघालं. एम-फोर हायवेलगतच्या त्या कंपनीने वीस वर्षांपूर्वी लंडनच्या एका प्रदर्शनातून ते विकत घेतलं होतं. मिलिंदने रिसेप्शनिस्टला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ओ, म्हणजे ते चित्र त्या म्हाताऱ्याचं! दर वर्षी एकदा कोट-टाय घालून एक गृहस्थ यायचा. कोणाला भेटायचंय म्हटलं की काउंटरच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवायचा. मग ती त्याला व्हिजिटरचा बिल्ला द्यायची. तो दहा मिनिटं सोफ्यावर बसून चित्राकडे बघायचा, बिल्ला परत करून जायचा. पुढे ऑफिसचं नवीन डेकोरेशन झालं आणि चित्र उतरवलं गेलं. कुठे गेलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. मी हे प्रसोंगना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, उतरवताना उभं धरलं होतं की आडवं?

त्यांची कारकीर्द सांगायची तर ती फार जागा घेत नाही. चिआंग माईच्या कलाशाळेत शिकले. तिथल्या गुरूंनी, आचाननी, धडपड करून त्यांना लंडनची स्कॉलरशिप मिळवून दिली. आचान म्हणजे शिक्षक, शब्द आपल्या आचार्यांचाच. त्यांनी व्यक्तिचित्रण शिकायचं आणि परत येऊन त्याच शाळेत शिकवायचं, असं ठरलेलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी माणसं काढणं सोडलं. तिसऱ्या वर्षी आचानना कळवलं की मी परत येत नाही. मग दोन-तीन प्रदर्शनं झाली, एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, पाच-सहा चित्रं विकली गेली. लग्न झालं, मोडलं. लंडन परवडेना म्हणून रीडिंग. पहाटे पोस्टाच्या गोदामात पत्रं लावायची, संध्याकाळी अडल्ट एज्युकेशनचे वर्ग घ्यायचे, मधल्या वेळात रंगवायचं. राहायला ऑक्सफर्ड रोडवर एका लाँड्रेटच्या, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाच्या, वरची खोली. खालच्या ड्रायरमुळे ती खोली बाराही महिने उबदार आणि रंग लवकर वाळतात, म्हणून त्यांनी ती कधी सोडली नाही.

त्या वर्गांची हकिकत मला मॉरीनने सांगितली. मॉरीन म्हणजे एक रिटायर्ड डिनर लेडी, शाळेत पोरांना जेवण वाढणारी. कोर्सचं नाव ‘फुलं रंगवू या’, बारा आठवडे, वर्गात बारा पेन्शनर. प्रसोंगनी बारा आठवडे खरोखरच फुलं शिकवली. पाकळीची कड, देठाचा बाक, सगळं मन लावून. प्रत्येकाचं एकेक फूल छान उतरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक वाटी राखाडी रंग दिला आणि सांगितलं, आता हा वरून लावा, सगळीकडे सारखा. वर्गाला वाटलं, इंग्रजीचा घोटाळा असणार. घोटाळा नव्हता. ते म्हणाले, फूल आत आहे हे तुम्हाला माहीत आहे ना, मग झालं. अकरा जणांनी आपापली फुलं छातीशी धरली आणि त्यातल्या दोघांनी कौन्सिलला पत्र लिहिलं. पुढच्या टर्मला वर्ग दुसऱ्याकडे गेला. एकट्या मॉरीनने आपल्या पॉपीच्या फुलावर राखाडी फासला आणि ते फ्रेम करायला आमच्याकडे आली. “माझा नवरा म्हणतो, हे काय? मी म्हणते, पॉपी,” ती म्हणाली. “सोपं आहे.”

त्या राखाडीखाली काय असतं हे मला ते आमच्या घरी दुपारी जेवायला आले तेव्हा कळलं. मी बेत साधाच ठेवला होता, वरण-भात, बटाट्याची भाजी, खर्डा. खर्डा त्यांनी असा खाल्ला की मिलिंद जेवायचा थांबला. मग त्यांनी आम्हाला विचारलं, तुमचा जन्म कुठल्या वारी? मिलिंदला माहीत होता, मला नव्हता. ते म्हणाले, वार माहीत नाही तर तुम्हाला रंग कसा माहीत असणार? त्यांच्याकडे प्रत्येक वाराला रंग असतो. रविवारी लाल, सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी, शुक्रवारी आकाशी, शनिवारी जांभळा. ते प्रत्येक चित्र रविवारी लाल रंगाने सुरू करायचे. लाल पूर्ण वाळला की पुढच्या कुठल्यातरी सोमवारी पिवळा. असे सात वार एकावर एक. प्रत्येक वाराच्या थरात ते काय काढायचे ते त्यांनी सांगितलं नाही, पण काहीतरी काढायचे. एक आठवडा पुरा व्हायला दीड-दोन वर्षं लागायची. आणि सगळ्यांवर शेवटी राखाडी.

मग राखाडी कोणाचा, मी विचारलं. ते म्हणाले, बुधवार रात्रीचा. बुधवार तेवढा दोन ग्रहांत वाटलेला असतो. दिवसा बुध, अंधार पडल्यावर राहू. “मी त्या वेळचा,” ते म्हणाले.

मी तिथेच पुण्याला आईला फोन लावला. ती म्हणाली, बुधवार, दिवेलागण होऊन गेली होती, तुझे बाबा कंदील घेऊन दवाखान्यात आलेले. मी ते सांगितलं तेव्हा प्रसोंगनी हात जोडले आणि म्हणाले, म्हणजे तुम्हीही राहूच्या. आई फोनवर विचारत होती, “कोण तो मेला माझ्या पोरीला राहू-बिहू म्हणतोय?” मी भाषांतर केलं नाही. पण त्या दिवसापासून ते आईची चौकशी न चुकता करायचे. आईही फोनवर विचारायची, “तुझा तो राहू कसा आहे गं?”

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिथे येते.

परत येत नाही असं कळवल्यावर आचाननी त्यांना एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यात एवढंच होतं, ‘ठीक आहे. दाखवण्यासारखं एक झालं की पाठव.’ या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती. या तीस वर्षांत प्रसोंगनी त्यांना एकही चित्र पाठवलं नव्हतं. मी कारण विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. अजून नाही. दोन हजार सहाच्या वसंतात आचानची मुलगी नोई हिचं पत्र आलं. आचान पंच्याऐंशीचे, किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी महिन्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केलेली. जूनमध्ये एका गुरुवारी त्यांच्याकडे गुरुपूजन असतं, आपल्या गुरुपौर्णिमेसारखं. त्या दिवशी सगळे जुने विद्यार्थी फुलं घेऊन आचानसमोर बसणार होते. तोवर ते असतील, असं नोईने लिहिलं होतं. प्रसोंगनी ते पत्र मला दुकानात वाचून दाखवलं. मग म्हणाले, एक आहे.

ते एक मी पाहिलं. मला चित्रातलं कळतं असं नाही, पण सहा वर्षं मी लोकांची चित्रं हाताळलीत. खिडकीच्या उजेडात ते बघत असताना त्यातला राखाडी रंग एका जागी ठरत नव्हता, कुठे गरम वाटायचा, कुठे गार. कीथही काम सोडून उभा राहिला आणि त्याने चक्क काही विनोद केला नाही. एरवी शेवटचा थर दिल्यावर प्रसोंग सहा महिने चित्राला हात लावत नसत. या वेळी राखाडी जेमतेम महिन्याचा होता. मी मे महिन्यातल्या एका गुरुवारी विचारलं, “वाळलंय ना?” ते जरा थांबले. मग म्हणाले, “हो.” ‘अजून नाही’ म्हणाले नाहीत. मी कडेला बोट टेकवून पाहिलं. बोट कोरडं होतं.

कीथ सुट्टीवर स्पेनला गेलेला, कुरिअर शुक्रवारी सकाळी येणार. मी त्यांना म्हटलं, चित्र ठेवून जा, मी पॅक करते. ते सपाता काढून, चित्राला हात जोडून गेले.

चित्र पॅक करायचा पहिला नियम मला कीथने पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. रंगाला लागून काही येता कामा नये, फक्त तो चुरचुरणारा गुळगुळीत कागद, तोही सैल. कागदाचा अख्खा रोल खणात होता. संपला होता असंही नाही. मी तो काढला, कापला, चित्रावर धरला आणि मला तो बरा वाटेना. मिठाईच्या खोक्यात घालतात तसला कागद. तीस वर्षांनी गुरूकडे निघालेलं चित्र आणि त्याला हे? आमच्या घरी पोथी कधी नुसती ठेवलेली मी पाहिली नाही. ती कापडात बांधलेली असते, आणि कापडही मऊसूत, वापरून धुतलेलं.

मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी येताना आईचं अर्धं इरकल घेऊन आले. आईचं जुनं नेसूचं, लाल काठाचं. पहिल्यांदा इकडे निघताना तिने लोणच्याच्या बरण्या त्यात गुंडाळून दिल्या होत्या आणि एकही बरणी फुटली नव्हती. ते स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं होतं. मी ते चित्रावर पसरलं, चारी बाजूंनी घेतलं आणि पाठीमागे ताणून पिना मारल्या. ताणून हे महत्त्वाचं. माझे वडील पार्सलं मांजरपाटात शिवून पाठवायचे, आणि ढिलं पार्सल म्हणजे ढिला माणूस, असं म्हणायचे. मी एवढं घट्ट बांधलं की टिचकी मारली तर आवाज यावा. वरून पुठ्ठे, बबल रॅप, लाकडी खोकं. खोक्यावर पत्ता लिहिला, नमस्कार केला. कुरिअरवाला माझ्याकडे बघून हसला, तर मीही हसले. त्या दिवशी मी फार खूश होते.

जुलैत प्रसोंग आले. सपाता घातल्या, माझ्या टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “पोचलं.”

मी आचान काय म्हणाले ते विचारलं.

“म्हणाले, आता झालं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, जे ते कधी करत नसत, आणि लगेच काढून घेतला. पुढच्या गुरुवारी मी शिरा करून नेला, केळं घालून, प्रसादाचा करतात तसा. त्यांनी सगळा खाल्ला. डबा स्वतः धुऊन दिला. मी आईलाही फोनवर सांगितलं, तुझ्या लुगड्यातून चित्र थायलंडला जाऊन आचार्यांकडून पास झालं. आई म्हणाली, माझ्या लुगड्याचं नशीब. शरद ऋतूत आचान गेले. हेही त्यांनी दुकानातच सांगितलं, पाऊस पडतोय हे सांगावं तसं.

त्यानंतर त्यांचं येणं विरळ झालं. येताना हात रिकामे असायचे. मी विचारायचे, “नवीन काही?” ते म्हणायचे, “अजून नाही.” मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण हे उत्तर मी तीन वर्षं ऐकत होते. मग एक अख्खं वर्ष ते आलेच नाहीत. मॉरीन एकदा म्हणाली, बसमध्ये दिसतात पण नुसतेच, चित्राशिवाय, ओळखू येत नाहीत. मी म्हटलं, वय झालं आता. माणसाला जे दिसायला नको असतं त्याला आपण लगेच वयाचं नाव देतो.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात आम्ही पुण्याला परत निघालो. मिलिंदचं काम संपलं होतं आणि आई आजारी होती. कीथने माझ्या शेवटच्या दिवशी दाराशी पडलेल्या त्या सपाता पिशवीत घालून दिल्या आणि म्हणाला, मिस्टर पीला नेऊन दे, माझ्याच्याने टाकवत नाहीत. गुरुवार होता. मी लाँड्रेटच्या बाजूचा जिना चढून पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले. बूट दाराबाहेर काढले. त्यांनी सपाता दोन्ही हातांनी घेतल्या आणि माझ्या बुटांशेजारी सरळ ओळीत ठेवल्या.

खोली स्वच्छ होती. रंगाच्या ट्यूबा वारांच्या क्रमाने लावलेल्या, लालपासून जांभळ्यापर्यंत, आणि प्रत्येकीवर सारखी धूळ. इझल घडी करून कोपऱ्यात. समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, लाकडी चौकटीवर ताणलेलं एक कापड होतं. मला आधी लाल काठ ओळखू आला. मग त्यावरचा राखाडी. चार फुटी, सलग, मधे मधे फाटलेला, पण तोच. गरम आणि गार.

त्यांनी सगळं सांगितलं, चहा ओतता ओतता. खोकं उघडलं तेव्हा कापड निघेना. तीन आठवडे प्रवास, वर चिआंग माईचा उकाडा, आणि माझी घट्ट बांधणी. विद्यार्थ्यांनी हळूहळू ओढलं. राखाडी कापडाबरोबर निघून आला. खालून नारिंगी, हिरवा, कुठे लाल, कुठे त्या थरांत काढलेलं जे काय होतं ते, सगळं उघडं पडलं. नोईला वाटलं, हे असंच ठरवून केलंय, उघडणाऱ्याने ओढून काढावं म्हणून. तसंच चित्र आचानपुढे ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आता झालं. हा झाकायचं विसरला.’ नोईने पत्रात हे सगळं आनंदाने लिहिलं होतं, आणि कापड घडी करून परत पाठवलं होतं.

“तुम्ही त्यांना कळवलं नाही?” मी विचारलं.

“ते खूश होते. आजारी होते. काय कळवायचं?”

“पण मला तरी सांगायचं.”

“तुम्ही शिरा आणलात,” ते म्हणाले.

मी माफी मागितली. माफी मागताना माझ्याच आवाजात मला काही सापडेना. रडू यायला हवं होतं, आलं नाही. आजही येत नाही. त्या जागी हात ठेवला तर भूल दिल्यासारखं लागतं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग वर बघून म्हणाले, की तीन वर्षं बघतोय, यातलं चित्र कुठलं ते ठरत नाही. तिकडे आहे ते आचानना आवडलं, पण ते मी केलेलं नाही. इकडे आहे ते मी केलं, पण ते आचाननी पाहिलं नाही. त्यांनी हे तक्रारीने म्हटलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हे कापड कोणाचं? आमच्याकडे बाईचं नेसूचं पुरुषाच्या डोक्यावर टांगत नाहीत, अपशकुन मानतात. फक्त आईचं असलं तर चालतं, शिपाई लढाईवर जाताना आईच्या नेसूचा तुकडा बरोबर नेतात.

“आईचं आहे,” मी म्हटलं. “माझ्या.”

“मग ठीक,” ते म्हणाले. “कशा आहेत त्या?”

मी बऱ्या नाहीत म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी कापड परत मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही. निघताना दाराशी बूट घालताना, सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, मी विचारलं, “नवीन काही?”

“नाही,” ते म्हणाले.

इंग्रजीत ‘अजून’ मागून येतं, मी त्या शब्दासाठी थांबले. मग लक्षात आलं की तो आता येणार नव्हता. ते हात जोडून उभे होते. मी जिना उतरले.

रस्त्याच्या पलीकडे बसस्टॉपवरून त्यांची खिडकी दिसत होती. चारलाच अंधारलं होतं आणि आत दिवा लागलेला होता. बुधवार नव्हता, गुरुवार होता. ते खुर्चीत बसले होते, पाठ माझ्याकडे, मान वर करून. रिसेप्शनच्या सोफ्यावर असेच बसत असतील. दहा मिनिटांनी बस आली, तोवर ते हलले नाहीत. सतरा नंबरमध्ये जागा होती. मी बसले नाही, दांडी धरून उभी राहिले, आणि वळणावर बस कलली.